स्थिर आकार

सकाळी साडेसहाला शटर वर करतो.
हार्टलपूलचा वारा समुद्रावरून थेट दुकानात शिरतो,
सगळे फळे बघतो, काही न घेता जातो.

पहिली चावी मिसेस स्टॉबर्टची.
निळी, प्लॅस्टिकची, अंगठ्याएवढी.
ती माझ्या यंत्रात घालायची, पैसे भरायचे,
मग त्यांनी घरी जाऊन मीटरमध्ये खुपसायची,
की किटली बोलायला लागते.
"तीन पौंड, नवा."
नवरत्नम हे नाव त्यांच्या जिभेवर कधी मावलंच नाही.
सतरा वर्षं झाली, मी या गल्लीत नवाच आहे.

काल पाच म्हणाल्या होत्या. मी विचारत नाही.
कुणाच्या घरी काय शिजतं
ते मला चावीवरून कळतं.

सरकारनं दरावर झाकण बसवलंय,
टीव्हीवर टायवाला माणूस सांगत होता.
"झाकण आहे ना," मिसेस स्टॉबर्ट म्हणाल्या,
"मग उतू कसं जातंय?"
मी समजावलं : झाकण युनिटच्या दरावर, बिलावर नाही.
जितकं जाळाल तितकं द्याल.
आणि नाही जाळलं, तरी थोडं द्याल.
रोज. स्थिर आकार.
दिवा न लावता दिव्याचं भाडं.

ऑगस्टात त्या बहिणीकडे होत्या, स्कार्बरोला.
पंधरा दिवस घर बंद.
परतल्या तर भरलेले पैसे संपून मीटरवर उधारी.
"कुणी नसताना कोण जेवून गेलं माझ्याकडे?"

मीटर बसवणारा रॅफर्टी दुपारी चहाला येतो.
तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्याच दारात उभा होता,
हातात कोर्टाचा कागद, सोबत कुलूपवाला.
त्यांनी दोघांनाही बिस्किटं दिली होती.
आता नियम आलाय, तो सांगतो,
पंचाहत्तरीपुढच्यांच्या दाराला असा हात लावायचा नाही.
चांगलं झालं, मी म्हणतो.
तो चहात बघत राहतो.
बसवलेला मीटर काढायला त्याला कुणी पाठवत नाही.

माझं विचाराल तर,
वर राहतो तिथे मी ग्राहक आहे,
खाली विकतो तिथे धंदा.
झाकण फक्त घरांना.
मधे चौदा पायऱ्या,
त्यातल्या कुठल्या पायरीवर सरकार थांबतं
मला अजून सापडलेलं नाही.
चारातला एक फ्रीझर बंद केलाय.
आईस्क्रीमच्या चित्राखाली त्यात आता टॉयलेट रोल आहेत.

जाफन्यात, लढाईच्या वर्षांत, वीज नव्हतीच.
जॅमच्या बाटलीत चमचाभर तेल, कापसाची वात,
तेवढ्यात मी बीजगणित पाठ केलं.
सायकल उलटी करून भाऊ पॅडल मारायचा
आणि डायनामोवर रेडिओ लागायचा.
बातम्या लांबल्या की त्याला दम लागे.
मिसेस स्टॉबर्टना हे सांगितलं.
"आणि बिल कोणाला यायचं?" त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीत त्यांनी सामानाची यादी पुढे केली :
दूध, मेणबत्त्या, मांजराचं खाणं.
कागद जाड होता, म्हणून उलटला.
मागे सरकारी शिक्का, वीजबिलासाठी मदत,
सहासष्ट पौंड.
मुदत परवापर्यंत.
"ते? मला वाटलं जाहिरात."

मी कागद यंत्राला दाखवला.
यंत्र विचारात पडलं. मागे दोन माणसं खोळंबली.
मग पावती निघाली, लांब, वळत वळत.
त्यांनी ती चष्म्याजवळ धरून वाचली,
नंतर हळूच मला विचारलं,
जणू परवानगी माझ्याकडेच होती,
"म्हणजे ओव्हन लावू?"

दुसऱ्या दिवशी कागदी रुमालात एक स्कोन,
अजून गरम, वर लोण्याचा ठिपका.
गल्ल्याशी उभा राहून मनात हिशेब मांडला,
वीस मिनिटं, एवढं तापमान, इतके युनिट.
स्वतःचीच लाज वाटली.
थंड व्हायच्या आत खाल्ला.